निवृत्त बोटीची दुसरी नोकरी

निवृत्त माणसाला दुसरा निवृत्त भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वर्षं सर्व्हिस झाली?" २०२५च्या एप्रिलात विजयदुर्गच्या धक्क्याला जी उभी होती, तिची सर्व्हिस ३८ वर्षांची. नाव 'गुलदार', म्हणजे बिबळ्या. मी एवढा वेळ तिच्याकडे टक लावून उभा राहिलो, की शेवटी आमची सौ. म्हणाली, "आता पुरे. पेन्शनरांची सभा संध्याकाळी भरवा."

विजयदुर्ग माझे आजोळ. लहानपणी भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचे, आईने रात्रभर लिंबू हुंगत पडून राहायचे, आणि इथे भोंगा झाला की पडावातून किनारा गाठायचा. त्या आगबोटी कधीच बंद पडल्या. आम्ही आता एस.टी.ने येतो. त्यामुळे एवढे मोठे जहाज धक्क्याला पाहून छातीत काहीतरी हलले. मग कळले की ही माणसे न्यायला आलेली नाही, बुडायला आली आहे.

'गुलदार'चा जन्म पोलंडमधल्या ग्डिनियाचा. १९८५ साली ती आपल्या नौदलात आली. लांबी सुमारे ८४ मीटर. थेट वाळूवर नाक टेकवायचे, पुढचा दरवाजा उघडायचा आणि पोटातले रणगाडे व सैनिक किनाऱ्यावर उतरवायचे, हे तिचे काम. लढाईतला हमालच म्हणा ना! 'चीता' आणि 'कुंभीर' ह्या तिच्या बहिणी. तिघींनी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैल पाणी कापले, तेराशेहून अधिक वेळा किनाऱ्याला नाक टेकवले, २००४च्या त्सुनामीत मदतही पोचवली. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला तिघीही एकदमच निवृत्त झाल्या. नौदलाने 'गुलदार' महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाला दिली. कारवारहून तिला इथे ओढून आणली ती निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवण्यासाठी. तिथे पाण्याखालचे संग्रहालय होईल आणि माशांना घरही मिळेल, अशी योजना. केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले.

हा आकडा मी आमच्या तांडेलाला सांगितला. तो आम्हांला वाघोटण खाडीतून गिर्येची गोदी दाखवायला नेत होता. वल्हे थांबवून तो म्हणाला, "बोट बुडवूक सत्तेचाळीस कोटी? आमच्यो होड्यो तर फुकटच बुडतत, भाऊनू!"

सौ. इतकी हसली की होडी डुलली.

पण या गावाला बोटी बुडण्याचे अप्रूप नाही. किल्ल्याजवळ पाण्याखाली एक भिंत आहे आणि शत्रूच्या गलबतांचे तळ तिच्यावर फुटत, हे मी मामाच्या ओटीवर ऐकत वाढलो. फेब्रुवारी १७५६मध्ये मात्र आपलेच आरमार इथे गेले. वॉटसनच्या इंग्रजी जहाजांनी मारा केला, बंदरात दाटीने उभ्या असलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजाने पेट घेतला, आणि बघता बघता सगळे आरमार जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे आठवले की अजूनही मान खाली जाते. गिर्येची गोदी मात्र राहिली. खडक फोडून काढलेली, शंभर मीटरांहून लांब. नुसत्या लांबीच्या हिशेबाने 'गुलदार' तिच्यात सहज मावली असती. आज तिथे चिखल आणि खेकडे.

परतताना तांडेलाने विषय पुन्हा काढला. आता तो हसत नव्हता. "माझो झील तारकर्लीक बुडी मारूक शिकान इलो. म्हणता, बाबानू, होडी ईका, पर्यटकांचो धंदो करूया. तुम्ही शिकलेले, भाऊनू. मासो खराच येतलो काय थंय?"

मी जे वाचले होते ते सांगितले. वाळूच्या किंवा चिखलाच्या तळावर जीवांना धरायला काही नसते. लोखंडाचा सांगाडा मिळाला की आधी त्यावर बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ, शिंपले, स्पंज. बारीक मासे आडोशाला येतात, त्यांच्यामागे गोबरा, तांबोशी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मालवाहतुकीसाठी 'लिबर्टी' जातीची २,७१० जहाजे घाईघाईने बांधली होती. पुढे ती पडून राहिली. १९७२ साली तिथे कायदा झाला आणि १९७५-७६मध्ये टेक्सासने त्यांतली १२ मुद्दाम बुडवून माशांची घरे केली.

दुसरी बाजूही लपवली नाही. बुडवण्याआधी तेल, ग्रीस, तारा, विषारी रंग सारे खरवडून काढावे लागते. नाहीतर घर नव्हे, विषाची कुपी. फ्लोरिडाजवळ सत्तरच्या दशकात अशाच सद्हेतूने सुमारे वीस लाख जुने टायर टाकले. त्यांच्या बांधण्या तुटल्या आणि ते लोळत जाऊन शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळू लागले. शिवाय शास्त्रज्ञांचा एक वाद आहेच: अशा जागी मासे वाढतात, की आजूबाजूचेच एका ठिकाणी गोळा होतात?

तांडेल ऐकत होता. "गोळा झालो तरी मासोच तो. पण जाळा टाकूक दितले थंय? की नुसतो बघूक?"

ह्यावर मी काय बोलणार! बुडालेल्या लोखंडात जाळे अडकले तर फाटणारच, आणि पाणबुड्यांच्या गर्दीत ते टाकायचे तरी कसे? ह्या माणसाला घरच्या भाकरीचा हिशेब हवा होता आणि माझ्याजवळ टेक्सासची माहिती होती.

उत्तर सौ.नेच दिले. "तांडेल, मुलाला त्याचा धंदा करू दे. पण ती बोट तळाला बसून तिच्यावर मासे दिसेपर्यंत होडी विकू नका."

"ता मात्र खरा, वैनीनू."

धक्क्याला आलो तेव्हा ऊन उतरले होते. 'गुलदार'ची सावली खाडीवर लांबवर पडली होती आणि आमची होडी तिच्यातून गेली. तांडेलाने वर पाहिले नाही. दोर बांधता बांधता म्हणाला, "उद्या बांगडो गावलो तर घराकडे धाडतंय."

बांगडा आला; मोजून सहा. पैसे मात्र त्याने घेतले नाहीत.