कोल्हापुरांतील दुसरी विद्यार्थिदशा

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं एखादा गृहस्थ ‘आम्ही कॉलेजांत जातों’ असें म्हणूं लागला, म्हणजे आप्तेष्ट प्रथम त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात, आणि ती ठीक असल्याचें कळलें म्हणजे त्याच्या पत्नीची करतात. आमच्या बाबतींत ह्या दोन्ही चौकशा यथासांग झाल्या. पुण्याच्या एका कचेरींत अठरा वर्षें संगणकापुढें बसून दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब जुळविल्यावर आम्हीं गेल्या वर्षीं राजीनामा दिला आणि कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत मराठीच्या एम. ए. च्या वर्गांत नांव घातलें. आम्हांस गोष्टी लिहावयाच्या होत्या. त्या आम्ही आजवर मधल्या सुटींत, आणि खरें सांगावयाचें तर कचेरीच्या वेळांतही, चोरून लिहीत आलों होतों. अशा लेखनाचा शेवट नेहमीं घाईनें उरकलेला असतो.

आमचें कुटुंब एकत्र आहे. सौ. शाळेंत शिक्षिका आहेत, त्यामुळें उपासमारीचा प्रश्न नव्हता. पण घरखर्चांतील आमचा वांटा थांबणार होता, आणि पुतणीच्या इंजिनियरिंगच्या फीचा हप्ता त्यांतूनच जात असे. दादांनीं सारें ऐकून घेतलें, चष्मा पुसला आणि विचारलें, “किती वर्षें?”

“दोन.”

“मग दोनच.”

वहिनींनीं मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीं दशम्या बांधतांना एक गोष्ट सांगितली. ती आम्हांस तोंवर ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या वर्षीं दादांना कोल्हापुरासच यावयाचें होतें, चित्रकला शिकण्यासाठीं. त्याच वर्षीं आमचे वडील अंथरुणास खिळले व दादा नोकरीस लागले. तेव्हां आम्ही आठ वर्षांचे होतों. आपली फी कोण भरतो, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्यें त्या दशम्या आम्हांस गोड लागल्या नाहींत. मिरज मागें पडली तेव्हां उजाडत होतें. दोन्ही बाजूंस ऊंस, आणि मग पंचगंगेचा पूल. वाचकांस कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा आणि पैलवान. तांबड्या-पांढऱ्या रश्शाविषयीं आमच्यासारख्यांनीं न बोललेलें बरें. परंतु गंगावेशींतील दूधकट्टा अवश्य पाहावा. तेथें म्हैस गिऱ्हाइकासमोरच उभी असते, आणि धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला थेट हातांत येतो. पहिल्या संध्याकाळीं आम्ही तेथें नुसते पाहण्यास म्हणून गेलों व दोन पेले रिचवून आलों.

विद्यार्थ्यांचें तर हें जुनें गांव. १९०१ सालीं शाहू महाराजांच्या आश्रयानें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि पुढें जैन, लिंगायत, मुसलमान अशीं एकामागून एक वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग झालें. आपल्या घरांतील मुलांस शिक्षणाची वाट आधींच मोकळी होती, म्हणून ह्या खटपटीचें मोल आपणांस पुष्कळ काळ कळलें नाहीं, असें आमचें मत आहे. आमच्या वर्गांतील एक मुलगा रात्रीं पेट्रोल पंपावर काम करतो आणि सकाळीं पहिल्या बाकावर येऊन बसतो. त्यानें पहिल्याच आठवड्यांत आम्हांस म्हटलें, “काका, तुम्ही नोकरी सोडून आलासा, आणि आम्ही नोकरी लागावी म्हणून आलोय.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अद्याप सुचलेलें नाहीं.

विद्यापीठ १९६२ सालचें. आवार विस्तीर्ण, मुख्य इमारतीपुढें शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, आणि सकाळीं मोरांच्या केका. ह्याच आवारांत वि. स. खांडेकरांचें स्मृतिसंग्रहालय आहे. शिरोड्याच्या शाळेंतील नोकरी सोडून खांडेकर १९३८ सालीं कोल्हापुरास आले आणि लेखणीवर राहिले, ही कथा राजीनाम्याच्या दिवसांत आम्हीं घरांतील प्रत्येकास, मोलकरणीसुद्धां, ऐकविली होती. संग्रहालयांत त्यांच्या वस्तू व छायाचित्रें पाहून आम्ही बाहेर आलों, आणि जुन्या खोडीप्रमाणें हिशेब मांडूं लागलों.

शिरोड्यास ते १९२० सालीं गेले. म्हणजे अठरा वर्षें. आमचीं तेवढींच! क्षणभर फार बरें वाटलें. पण त्या अठरा वर्षांत, मुलांस शिकवीत असतांना, त्यांच्या हातून ‘हृदयाची हांक’ आणि ‘कांचनमृग’ झालीं, १९३४ सालीं ‘उल्का’ व ‘दोन ध्रुव’ आलीं. १९३६ सालीं कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘छाया’ त्यांच्याच कथेवर निघाला. तेव्हां नोकरी सुटली त्या वेळीं त्यांच्या पाठीशीं वाचक होता आणि चित्रपटांचें कामही होतें. आमच्या पाठीशीं अकरा गोष्टी, पैकीं दोन छापलेल्या. ‘त्यांनींही सोडली होती’ हें आमचें आवडतें वाक्य होतें. तें आम्हीं तेव्हांपासून उच्चारलेलें नाहीं.

आणखीही एक रकाना होता. १९४२ सालच्या ‘क्रौंचवधा’नंतर त्यांची पुढची कादंबरी ‘अश्रु’ आली ती १९५४ सालीं. मधल्या काळांत इतर लेखन झालें. पण कादंबरी नाहीं. ‘ययाति’ १९५९ सालची, आणि तिच्यासाठीं ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें तें १९७४ सालचें. आमच्याजवळ मुदत दोन वर्षांची. शिवाय ह्या गृहस्थांनीं फर्ग्युसन कॉलेज पदवी न घेतांच सोडलें होतें, आणि आम्ही मात्र पदवीच्या रांगेंत उभे आहों.

दिवाळीनंतर दादा दोन दिवसांसाठीं आले. पुतणीचा हप्ता त्यांनीं ठेव मोडून भरल्याचें सौ. कडून कळलें होतें. ते स्वतः कांहीं बोलले नाहींत. आम्ही त्यांना अंबाबाईस नेलें, रंकाळा दाखविला. दुसऱ्या दिवशीं त्यांनींच, जरा आडवळणानें, टाउन हॉलच्या संग्रहालयाची गोष्ट काढली. तेथें आबालाल रहिमान ह्यांचीं चित्रें आहेत. आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें शिकले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि ह्याच परिसराचीं निसर्गचित्रें काढीत ते येथेंच राहिले. १९३१ सालीं वारले.

एका लहानशा निसर्गचित्रापुढें दादा थांबले. आम्ही पुढें जाऊन, दोन दालनें पाहून परत आलों, तरी ते तेथेंच. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूंहळूं फिरत होता, हातांत कांहीं धरल्यासारखा. आम्हीं हांक मारली नाहीं; कोपऱ्यांतील बाकावर बसून राहिलों. रखवालदारानें बंद होण्याची वेळ झाल्याचें सांगितलें तेव्हां त्यांनीं चष्मा काढून पुसला.

“पुण्याची गाडी किती वाजतां आहे?” बाहेर पायऱ्यांवर त्यांनीं विचारलें, आणि दहा पावलें गेल्यावर म्हणाले, “येथें इतका वेळ मोडला, हें तुझ्या वहिनीला सांगूं नकोस.”

मग स्टेशनापर्यंत त्यांनीं आमच्या नव्या गोष्टीविषयीं विचारलें, आणि शेवट अजून झालेला नाहीं असें ऐकून म्हणाले, “घाई करूं नको.”