मुर्दोलीच्या रस्त्यावर नवी गाडी

गाडी नागपूरला घेतली आणि मी मात्र रेल्वेनं गोंदियाला परतलो. अम्मीची अटच तशी होती. पहिल्याच दिवशी, हात बसलेला नसताना, ट्रकांच्या गर्दीत महामार्गावर जायचं नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, पण अम्मीच्या अटीपुढं माझं काही चालत नाही. गाडी भाच्यानं आणली. त्याला अट नव्हती, कारण त्याच्या अम्मीला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दारात गाडी उभी राहिली तशी मोहल्ल्यातली पोरं जमली. भाचा ऐटीत म्हणाला, "नानी, इसको नेकेड बाइक बोलते हैं." अम्मीनं या शब्दाचा अर्थ विचारला आणि भाचा अडखळला. मग मीच समजावलं की शर्यतीच्या गाड्यांना पुढून-बाजूनं प्लॅस्टिकचं आवरण असतं; या गाडीला ते नाही, इंजिन, नळ्या, सांगाडा सगळं उघडं दिसतं, म्हणून तसं नाव. अम्मीनं गाडीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तो बेटा, ऊपर से कुछ डाल दे उसपे." त्या रात्री मी जुनी चादर टाकली. अजूनही रोज टाकतो.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पीड ४००. नाव इंग्लंडचं, १९०२ पासून मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीचं. पण ही गाडी तयार होते आपल्या पुणे जिल्ह्यात, चाकणला, बजाजच्या कारखान्यात. जुलै २०२३ मध्ये ती भारतात आली. इंजिन ३९८ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्तीची, वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. परदेशात याला लहान गाडी म्हणतील, आपल्याकडं ही मध्यम वजनाची. माझी जुनी स्प्लेंडर ९७ सीसीची आणि आठ अश्वशक्तीच्याही आतली. म्हणजे एका घोड्यावरून उतरून मी एकदम पाच घोड्यांच्या पाठीवर बसलो होतो, असं समजा.

पैशांचंही सांगून टाकतो, कारण आपल्या घरांत पहिला प्रश्न तोच असतो. रस्त्यावर येईपर्यंत पावणेतीन लाखांच्या वर गेली. व्याजाच्या हप्त्यावर घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. शिक्षकांच्या भिशीतला माझा नंबर लागला, सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता राखून ठेवला होता, आणि स्प्लेंडर धाकट्या भावाला दिली, त्यानं जमेल तेवढं दिलं. मुलांची अम्मी हिशेब ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "इतक्यात आपल्या दोघांचा उमरा झाला असता." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. कॉलेजात असल्यापासून अशी गाडी हवी होती, हे काही उत्तर होत नाही.

दुसरी अडचण शाळेची होती. मी तोच मास्तर, जो रोज सकाळी फाटकात उभा राहून नववी-दहावीच्या मुलांच्या खिशातल्या चाव्या काढून घेतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या दहावीतला एक मुलगा चाचाची मोटारसायकल घेऊन निघाला आणि बालाघाट रोडवर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळला. हेल्मेट नव्हतं. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण मांडीत सळई आहे, चालताना पाय ओढतो. तेव्हापासून पालकसभेत मी कायद्याचं कलम वाचून दाखवतो. सोळा वर्षांचं झाल्यावर परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे. हे सगळं सांगणारा माणूस आता ४० अश्वशक्तीच्या गाडीवर शाळेत येणार! पहिला आठवडाभर मी चालतच शाळेत गेलो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फजरची नमाज पढून निघालो. जायचं होतं नवेगाव बांधला, साठ-पासष्ट किलोमीटर. अम्मी दारात आली, काहीतरी पुटपुटत माझ्यावर फुंकर मारली आणि थोडा विचार करून टाकीवरही मारली.

गोरेगावपर्यंतचे पंधराएक किलोमीटर मी गाडीची ओळख करून घेण्यात घालवले. क्लच हलका आहे, दोन बोटांत येतो. शाळेतल्या खडूपेक्षा जास्त जोर लागत नाही. सीट फार उंच नाही, माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे पाय जमिनीला टेकतात. हँडल रुंद आणि सरळ, बसायला ताठ बसावं लागतं, त्यामुळं पाठ दुखली नाही. मात्र समोर काच नाही, आडोसा नाही. थंडी थेट छातीवर येते. स्वेटरच्या आत वर्तमानपत्राचा कागद घालायची अब्बांची जुनी युक्ती आठवली. धानाच्या गोदामातून सायकलनं घरी येताना ते तसंच करायचे. गोरेगावात टपरीवर एक जुना अंक मागून घेतला आणि छातीशी घातला. जवळपास तीन लाखांची गाडी आणि आत रद्दी.

दोन्ही बाजूंनी कापणी झालेल्या धानाच्या बांध्या होत्या, काहींत लाखोळी हिरवी उभी होती. धुकं बांध्यांवर अडकलेलं. उन्हाळी धानासाठी चिखलणी सुरू झालेल्या शेतांतले ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट रस्त्यावर येतात आणि डांबरावर चिखलाचे गोळे सोडून जातात. चारचाकीवाल्याला ते दिसतही नाहीत, दुचाकीवाल्याला प्रत्येक गोळा दिसावा लागतो. या गाडीत मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी व्यवस्था आहे आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागच्या जागी अडकत नाही, त्यामुळं गाडी आडवी होत नाही. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचंच आहे. पण चिखल पाहून आधीच सावकाश होणं हे काम कोणतंही यंत्र करत नाही, तेवढं मला समजत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

गोरेगावच्या पुढं मुर्दोलीचं जंगल लागतं. नागझिरा आणि नवेगाव ही दोन जंगलं, २०१३ पासून एकाच व्याघ्र प्रकल्पात आहेत, आणि त्यांच्यातून जनावरांची ये-जा होते ती याच पट्ट्यातून. रस्ता इथं सरळ आहे, गुळगुळीत आहे, सकाळी रिकामा असतो. मी सहाव्या गिअरमध्ये होतो. इंजिन गुरगुरत नव्हतं, हँडल थरथरत नव्हतं, वारा सोडला तर काही जाणवत नव्हतं. नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर ताण द्यायचा नसतो, म्हणून मी स्वतःला फार सांभाळून चालवत असल्याचं समजत होतो. सहज काट्याकडं पाहिलं. ९६.

हातापायांना मुंग्या आल्या. स्प्लेंडरवर मी आयुष्यात कधी ९६ ला गेलो नाही. ती पासष्टलाच कुरकुर करायची. आरसे थरथरायचे, मडगार्ड वाजायचं, हाताला झिणझिण्या यायच्या. वीस वर्षं मला वाटत होतं की मी सावकाश चालवणारा, समजूतदार माणूस आहे. खरं म्हणजे समजूतदार ती गाडी होती. तीच ओरडून सांगायची की बस कर. ही गाडी इतकी चांगली बनवलेली आहे की काही सांगतच नाही. आता सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं आणि पहिल्याच तासात मी ते विसरलो होतो.

वेग कमी करतोय तोच चितळांचा कळप डावीकडून रस्त्यावर आला. मी पन्नासच्या आसपास होतो. ब्रेक दाबले, लिव्हरखाली बोटांना टकटक जाणवली, गाडी सरळ रेषेत थांबली. शेवटचं पाडस माझ्यापासून चार-पाच हातांवरून गेलं. इंजिन बंद करून मी तिथंच उभा राहिलो.

याच रस्त्यावर, याच मुर्दोलीच्या जंगलात, ऑगस्ट २०२३ मध्ये रात्री एका कारच्या धडकेनं वाघ मेला. मोडलेल्या अंगानं तो झाडीकडं सरपटत गेला, ते चित्रण जिल्ह्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलांनीच मला दाखवलं. आणि २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदियाकडं येणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात डव्वा गावाजवळ उलटली, दहाहून अधिक माणसं गेली. समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना बसवरचा ताबा सुटला, असं बातम्यांत होतं. तो दुचाकीस्वार कोण होता, काय वेगानं होता, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून एसटीत बसलो की मी समोरच्या मोटारसायकली पाहत असतो. आता मीच ती मोटारसायकल होतो.

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता महामार्ग लागतो. चहाला थांबलो आणि फजिती झाली. गाडी उभी करताना डावा पाय खडीवर पडला, घसरला, गाडी कलली. पावणेदोनशे किलो एकदा कलले की ते आपले राहत नाहीत. अगदी हळूहळू, जणू झोपायलाच निघाल्यासारखी, ती आडवी झाली आणि तिच्यासोबत मी. टपरीवरचे तिघे धावले, त्यांनी आधी मला उचललं, मग गाडीला. क्लचच्या दांडीच्या टोकाला खरचटलं, माझ्या कोपराला खरचटलं, हिशेब बरोबर झाला. एका काकांनी गाडीवरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसली आणि विचारलं, "किती देते जी?" मी म्हटलं, तीसच्या आसपास देईल असं म्हणतात. ते बराच वेळ गप्प राहिले. "मंग घेतली कायले जी?" एकाच महिन्यात दुसऱ्यांदा मी निरुत्तर झालो. चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत.

कोहमाऱ्याहून नवेगावचा वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता मी पन्नासच्या वर गेलोच नाही. आणि सांगायला हरकत नाही, गाडीचा खरा आनंद मला तिथं मिळाला. वळणावर शरीर किंचित कललं की गाडी त्याच बाजूला जाते, ढकलावी लागत नाही. सागाची पानं रस्त्यावर पडलेली, त्यांच्यावरून चाक गेलं की कुरकुर ऐकू येते. खड्ड्यांत मागच्या सीटवर कुणी असतं तर ओरडलं असतं, पण मी एकटा होतो. पळस कुठं कुठं कळ्यांवर आलेला. उघड्या गाडीचा एक फायदा असा की वास सगळे मिळतात: ओल्या पानांचा, चुलीच्या धुराचा, गोठ्याचा.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. सात बहिणी म्हणवणाऱ्या डोंगरांच्या मधोमध पाणी अडवलेलं आहे. कोहळ्यांनी या भागात असे किती तलाव बांधले आणि त्यावर किती धान पिकलं! माझ्या अब्बांनी ज्या धानाची पोती मोजली तेही अशाच कुठल्या तरी पाण्यावर उगवलेलं असणार. २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झालेले मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते, इथल्या पक्ष्यांवर त्यांनी भरभरून लिहिलं. मला पक्ष्यांची नावं येत नाहीत. पाण्यावर बदकांसारखे थवे होते, तासभर पाहत बसलो, मुलांच्या अम्मीनं बांधून दिलेले पराठे खाल्ले. एक पराठा जास्त होता. "कुणी भेटलं तर" म्हणून ती नेहमी एक जास्त देते. बांधावर बसलेल्या गुराख्याला दिला. त्यानंही विचारलं, किती देते?

जुहरच्या आधी घरी पोचलो. अम्मीनं कोपर पाहिलं आणि काही बोलली नाही, हळद लावली. मी ९६ चं सांगितलं नाही. ते मी दुसऱ्याच कुणाला सांगितलं.

मगरिबनंतर तो मुलगा आला, सळईवाला. आता अकरावीत आहे. गाडीभोवती एक फेरी मारली, पाय ओढत, कुठंही हात न लावता. मग विचारलं, "सर, डर लगा?" मी त्याला मुर्दोलीचं सगळं सांगितलं. काटा, चितळं, स्प्लेंडरची कुरकुर, आणि ही गाडी काही सांगत नाही ते. त्यानं मान हलवली. म्हणाला, "चाचाची गाडी पण नवीच होती, सर." दोन वर्षांत तो त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलला.

थोड्या वेळानं म्हणाला, "मागे बसू का, सर? एकच फेरी."

मी म्हटलं, तुझ्या अम्मीला विचारावं लागेल. ती नाही म्हणेल, तो म्हणाला. मग आम्ही दोघं चालतच त्यांच्या घरी गेलो. मी मुलांच्या अम्मीसाठी घेतलेलं, अजून न वापरलेलं हेल्मेट सोबत नेलं. मी सगळं सांगितलं: फक्त रविवारी सकाळी, फक्त पांगोली नदीच्या पुलापर्यंत, चाळीसच्या आत.

"सर, पहले चाय लीजिए," ती म्हणाली. गाडीबद्दल एक शब्द नाही. चहा ठेवून ती परत आली, हेल्मेट हातात घेतलं, आतून-बाहेरून पाहिलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मुलाच्या डोक्यावर ठेवलं. ते कपाळावर हललं.

"ये ढीला है," ती म्हणाली. "इससे छोटा मिलता है क्या?"