अभ्यास गल्लीत पत्त्यांचा डाव

वरळीला बहिणीकडे जायचे म्हणजे आम्हा कल्याणकरांचा अर्धा दिवस मोडतो. फास्ट लोकलने दादर, पूल चढून पश्चिमेला उतरायचे, मग बससाठी ताटकळायचे. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी आम्ही दोघे निघालो तेव्हा पिशवीत ज्वारीचे पीठ होते, सुके बोंबील होते आणि भाचीसाठी गणिताची दोन जुनी पुस्तके होती. आमच्या घरी दहावीच्या शिकवण्या चालतात, म्हणून बहिणीने निरोप धाडला होता, “एक रात्र या आणि पोरीला ते प्रॉबॅबिलिटी का काय ते समजावून द्या. क्लासची फी आम्हाला झेपायची नाही.”

भाची बी.कॉम. झालेली. एमबीएच्या प्रवेशासाठी तिने २०२५ साली राज्याची सीईटी दिली आणि हव्या त्या कॉलेजची जागा थोडक्यात हुकली. यंदा दुसरी खेप. आमचे दाजी म्हणतात, या वेळी नाही जमले तर सरळ नोकरी धर. दाजींचेही चुकत नाही, पाठचा मुलगा बारावीला आहे. दोघांचा खर्च एका पगारात बसायचा नाही.

वरळीच्या बीडीडी चाळी आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. १९२०च्या दशकात इंग्रज सरकारने बांधलेल्या, तळमजला आणि वर तीन मजले, एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, संडास सगळ्यांचे मिळून. आता त्या पाडून टॉवर उभे राहात आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बहिणीच्या चाळीची पाळी अजून यायची आहे. खोलीत माणसे सहा, त्यात टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या चालू, धाकटा जमिनीवर पुस्तके पसरून बसलेला. अशा घरात मुलीने गणित मांडायचे कुठे?

ते मांडायचे रस्त्यावर. चाळींपासून थोडे चालत गेले की सुदाम काळू अहिरे मार्ग लागतो. पाटीवरचे हे नाव फारसे कोणी घेत नाही, सगळे म्हणतात अभ्यास गल्ली. वर्दळ कमी, डोक्यावर झाडे, रस्त्यावर दिवे. घरात जागा नाही म्हणून चाळीतली मुले रात्री पुस्तक घेऊन या दिव्यांखाली येऊन बसत, त्यावरून हे नाव पडले. कित्येक पिढ्या इथे शिकून बाहेर पडल्या. आम्ही पोचलो तेव्हा साडेसात वाजले असतील. एक मुलगा येरझाऱ्या घालत कायद्याची कलमे पाठ करीत होता. दोघी मुली एकाच वहीत डोके घालून बसल्या होत्या. आपल्याकडे गप्पांशिवाय चार माणसे एका जागी बसल्याचे दृश्य तसे दुर्मिळच.

आमच्यासोबत आप्पाही निघाले होते. आप्पा म्हणजे भाचीचे आजोबा, बहिणीचे सासरे. वय ७८, जुने गिरणी कामगार. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. “मला कुठे गणित येते, मी आपला हवा खायला येतो,” असे म्हणून ते काठी टेकत आले.

मराठी माध्यमाच्या दहावीच्या पुस्तकात हा धडा ‘संभाव्यता’ या नावाने आहे. नाणे उडवले तर छापा किंवा काटा, दोन शक्यता. आपल्याला हवी असलेली एक. म्हणून उत्तर १/२. सगळ्या शक्यता मोजायच्या, त्यांतल्या आपल्या कामाच्या मोजायच्या आणि दुसरीला पहिलीने भागायचे. एवढेच मूळ आहे. भाचीला हे येत होते. दोन फासे टाकून बेरीज ७ येण्याचा प्रश्न तिने झटकन सोडवला. एकूण जोड्या ३६, कामाच्या ६, उत्तर १/६. पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू, न बघता दोन काढले तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? पहिल्या वेळी ५/८, मग एक लाल कमी झाला म्हणून ४/७, गुणाकार ५/१४. हेही बरोबर.

गाडी अडली ती पत्त्यांवर. प्रश्न होता, ५२ पत्त्यांतून एक काढला तर तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता किती? तिने लिहिले १७/५२. राजे ४, बदाम १३. आम्ही चूक सांगणार तोच आप्पा म्हणाले, “बदामचा राजा दोनदा मोजलास पोरी.”

बरोबर उत्तर १६/५२, म्हणजे ४/१३.

तेव्हा आमच्या लक्षात आले की मुलीने आयुष्यात पत्ते हातात धरलेले नाहीत. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही नावे तिने पुस्तकातून पाठ केली होती. प्रश्न काढणाऱ्याला वाटते, पत्ते काय, घरोघर असतात. या घरात नव्हते, आणि त्याला कारण होते. येताना आम्ही दादरला एक कॅट घेतला होता. चहा पिताना तो पिशवीतून बाहेर काढला तर बहिणीचा चेहरा उतरला. काही बोलली नाही, कुकर लावायला उठली.

कारण आप्पांनीच सांगितले, नातीसमोर. याच वरळीच्या नावाने १९६०च्या दशकात मटका सुरू झाला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लावत. ते बंद झाल्यावर मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढू लागले, पुढे पत्त्यांवर. गिरणी सुटली की चिठ्ठी लिहिणारा दाराशी उभाच. “शून्य ते नऊ, दहातला एक आकडा धरायचा. लागला तर रुपयाला नऊ रुपये,” आप्पा म्हणाले. “संपात पगार बंद आणि मी आकडा चालू ठेवला. तुझ्या आजीची भांडी त्यात गेली. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा घरात दोन पातेली होती.”

भाची बराच वेळ वहीकडे बघत होती. मग तिने आपणहून मांडले. दहा दिवस रोज एक रुपया लावला, तर सरासरीने दहातून एकदा लागणार. गेले १० रुपये, आले ९. रुपयामागे दहा पैसे चालवणाऱ्याचे, आज ना उद्या, न चुकता. “आप्पा, हे तुम्हाला कोणी मोजून दाखवले नाही?”

“ज्याला मोजता येत होते तो घेणारा होता, बाई.”

हे शास्त्र जन्मलेच मुळी जुगारातून. फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांनी १६५४ साली जुगाराच्या एका प्रश्नावरून एकमेकांना पत्रे लिहिली, तिथून त्याची रीतसर सुरुवात मानतात. त्या काळचाच एक प्रश्न आम्ही भाचीला घातला. फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? ती एकदा, दोनदा, तीनदा असे वेगवेगळे मोजू लागली आणि गुंतली. सीईटीत २०० प्रश्नांना १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तिथे असे गुंतून चालत नाही. ‘निदान एक’ असे शब्द दिसले की उलटे मोजावे. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चार वेळा गुणून ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की राहिले ६७१/१२९६, निम्म्याहून किंचित जास्त.

बोलता बोलता आम्ही सहज विचारले, गेल्या वर्षी किती प्रश्न सोडले होतेस?

“वीसेक कोरे ठेवले, मामा.”

“का?”

“चुकले तर मार्क कापतील म्हणून. एका पुस्तकात वाचले होते, अंदाजाने उत्तर द्यायचे नाही.”

पुस्तक कॅटचे होते, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचे. तिथे चार पर्यायांचा प्रश्न बरोबर आला तर ३ गुण, चुकला तर १ वजा. डोळे मिटून ठोकले तर चारांत एकदा ३ मिळणार आणि तीनदा एकेक जाणार, हिशेब शून्य. राज्याच्या सीईटीत पर्याय पाच आणि चुकीला दंड नाही. वीस कोऱ्या जागी काहीही टिचकी मारली असती तरी सरासरीने ४ गुण आले असते. वीसच्या वीस चुकण्याची संभाव्यता शंभरात जेमतेम एक. त्यातही संभाव्यता १ पेक्षा मोठी नसते, तेव्हा पर्यायांत ७/५ दिसला की तो खोडायचा. उरलेल्या चारांत एक.

मुलीचे डोळे भरले. आम्हालाही काय बोलावे सुचेना. ज्यांच्या घरात दोन माणसे कॉलेजात गेलेली असतात, तिथे ही गोष्ट जेवताना बोलण्यात निघते. फी भरणाऱ्याला क्लासवाला पहिल्या दिवशी सांगतो. आमच्या पोरीला ती वर्ष गेल्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली कळली. याचा राग आम्हाला परतीच्या गाडीतही येत राहिला.

आप्पांनी मात्र वेळ घालवला नाही. धाकट्याच्या लुडोतला फासा त्यांनी येताना खिशात टाकला होता. “ते चार वेळचे खरे आहे का बघू,” म्हणाले. ते चार-चारदा फासा टाकू लागले आणि भाची वहीच्या कडेला रेघा ओढू लागली. सहा पडला तर उभी रेघ, नाही पडला तर आडवी. वीस फेऱ्या करायच्या ठरल्या. कायद्याची कलमे पाठ करणारा मुलगाही येऊन बघत उभा राहिला.

नऊ वाजून गेले तेव्हा बहीण जेवायला बोलवायला आली. सासऱ्यांच्या हातात फासा, लेकीच्या मांडीवर पत्ते. ती जागच्या जागी थांबली.

“आई, मोजतोय,” भाची म्हणाली.

बहिणीने वहीतल्या रेघा पाहिल्या. आठ उभ्या, सात आडव्या. पदराने तोंड पुसून ती आमच्या शेजारी बसली.

“अजून किती राहिल्या?”

“पाच.”

“मग टाका लवकर. भाकरी गार होतात.”