अकरा महिन्यांची पेठ

पुण्याच्या नारायण पेठेत भाड्याचं घर बघायला गेलं की एजंट आधी पाण्याचं बोलतो, मग पार्किंगचं, मग जिन्याचं. खोल्यांचा विषय शेवटी निघतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, शेजारच्या इमारतीपासून हातभर अंतरावर उघडणारी खिडकी, स्कूटर लावण्यापुरती जागा. यापलीकडे इथं फारसं कोणी काही मागत नाही. त्याच भाड्यात धायरीकडे लिफ्टचं घर मिळतं, गॅलरीतून टेकडी दिसते, हेही खरं. तरी मी पेठेतच राहते आणि इथून हलायची माझी इच्छा नाही.

जिना उतरला की शहर सुरू होतं. अप्पा बळवंत चौकात मुलीची वह्या-पुस्तकं, तुळशीबागेत गाळणी नि कुंकवाची डबी, मंडईत भाजी, सगळं पायी. मिक्सरच्या भांड्याची पाती बदलून देणारा, पिशवीची चेन शिवून देणारा, अशी माणसं मागच्या बोळांतून अजून बसलेली असतात. उपनगरात वस्तू मोडली की नवी मागवतात, इथं ती दुरुस्त करणारा माणूस शोधतात. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड, टिळक रोड असे चारही रस्ते मिरवणुकांनी भरतात, तेव्हा सातारा-वाईकडचे पाहुणे आमच्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं पथाऱ्या पसरतात. स्पीकरच्या भिंतींनी खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत धडधड होते. ते थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं, आणि मंडळाच्या मुलांना मी ते सांगतेही.

हे आजोबा मूळचे इथल्या वाड्यातले भाडेकरू. आमची इमारत त्याच वाड्याच्या जागेवर उभी आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात लाकडी खांबाखालची एक दगडी तळखडी अजून पडून आहे, तिच्यावर वॉचमन बसतो. वडिलांच्या वेळचं भाडं दोन आकडी होतं, असं आजोबा सांगतात; ते स्वतः आजोबा झाले तरी ते दोन आकडीच राहिलं. यामागे कायदा होता. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं त्यावर बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहजी बाहेर काढता येणार नाही, अशी तजवीज केली. त्याच्या आधारावर कारकून, शिक्षक, भिक्षुक, छापखान्यातले जुळारी शहराच्या ऐन मध्यात पिढ्यान्‌पिढ्या राहू शकले. पण त्या भाड्यात मालकाला कौलं चाळून घेणंही परवडेना. भिंती फुगल्या, तुळयांना वाळवी लागली, आणि ज्यांना कोणी हलवू शकत नव्हतं ती माणसं टेकू दिलेल्या माडीखाली झोपत राहिली. नदीकाठच्या वाड्यांना तर १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानं वेळच दिला नाही. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतली कितीतरी कुटुंबं त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतींत गेली.

मला या वाड्यांचं फार कौतुक सांगता येत नाही. चौकातला एक नळ आणि मागचा सामाईक संडास यांत बायकांचं किती आयुष्य रांगेत गेलं, ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं आहे. पण त्या माणसांना एक गोष्ट मिळाली होती. आपण इथले आहोत हे त्यांना दर वर्षी सिद्ध करावं लागत नव्हतं. गायकवाड वाड्यात जाण्याआधी लोकमान्य टिळकही विंचूरकरांच्या वाड्यात राहत होते. १८९२ साली विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते तिथंच. घर दुसऱ्याचं म्हणून माणूस परका, असा हिशेब या पेठांनी पूर्वी केला नव्हता.

मग १९७३ साली लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं आणि धास्तावलेल्या मालकांनी घरं नुसती कुलूप लावून ठेवली. १९९९चा भाडे नियंत्रण कायदा २००० साली लागू झाला, मालकांची धास्ती ओसरली आणि बोळांतून 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या पुन्हा दिसू लागल्या. तेव्हापासून आम्ही सगळे अकरा महिन्यांचे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून महिनाभर कमी करायची ही जुनी रीत. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, त्यामुळे त्या रीतीला काही अर्थ उरलेला नाही. रीत मात्र चालूच आहे.

नोंदणी घरबसल्या होते. एजंटचा मुलगा लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसतो. मागच्या खेपेला मालकीणकाकूंचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी-धुणं करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. त्यांनी पदराला बोट पुसलं, मी ओला रुमाल दिला, दुसरं बोट लावून पाहिलं. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं हिरवी खूण आली. "हिच्याकडं बघूनच मी घर दिलंय, त्याला अंगठा कशाला हवा?" असं काकू त्या मुलाला म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. पण कागद अकरा महिन्यांचाच झाला.

या कागदानं माणसं कशी वागू लागतात, ते पेठेत रोज दिसतं. गणपतीच्या वर्गणीची पावती आम्हाला अजून आधीच्या भाडेकरूच्या नावानं येते, कारण मंडळाच्या वहीत नाव बदलायला कोणाला सवड नाही. पुढच्या वर्षी कोण असेल याचा नेम नाही. लाईट बिल काकूंच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर येतं. भाडेकरू भिंतीला खिळा ठोकत नाही, मालक गळती नीट काढून घेत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं तर कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्या वाट्याला खोलीसुद्धा येत नाही, एक खाट आणि तिच्याखालची पत्र्याची पेटी येते. दिवस अभ्यासिकेत जातो, रात्रीचं जेवण मेसमध्ये. २०२०च्या टाळेबंदीत ही मुलं गावी परतली तेव्हा आमच्या बोळातला चहावाला, झेरॉक्सवाला, मेस चालवणाऱ्या ताई, सगळ्यांचीच चूल थंडावली. पेठ कोणाच्या जिवावर चालते हे तेव्हा उघड झालं. मिळकतपत्रिका ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यातले पुष्कळ जण कोथरूडला किंवा परदेशात आहेत. सकाळी दूध घेणारा, दुकानांना गिऱ्हाईक असणारा, नळ गेल्यावर महापालिकेत फोन करणारा माणूस भाडेकरूच असतो.

मला १९४७चा कायदा परत नको आहे. मालकाला न्याय्य भाडं मिळायलाच हवं, नाहीतर इमारती पुन्हा टेकूवर येतील. पण मधली वाट आजच्या कायद्यातच आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो आणि मुद्रांक शुल्काचा दर तोच राहतो, पाव टक्का. दर वर्षाची वाढ आधीच लिहून ठेवता येते.

यंदा मुदत संपायच्या आधीच मी काकूंकडे विषय काढला. "तीन वर्षांचा करू या का, काकू? वाढ करारातच लिहू."

"मुलाला विचारते," त्या म्हणाल्या. "तो म्हणेल, भाडं अडकून पडतं." मग मोरीच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी ओल आलेल्या भिंतीवर हात फिरवला. "तीन वर्षं राहणार असशील, तर ही फरशी सगळी उखडून नवी बसवू. दर पावसाळ्याला नुसतं सिमेंट लिंपून काय होतंय? तुला कुठला रंग हवा ते बघून ठेव."