मीटरच्या आधी बल्ब

मोटरसायकलच्या वायरिंगमधले फॉल्ट शोधायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: आधी एक चांगला डिजिटल मल्टिमीटर घे. मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे विचारणारे बहुतेक माझेच विद्यार्थी. आकडा समोर आला की अंदाजपंचे कारभार थांबतो, असं मला मनापासून वाटायचं. गॅरेजमध्ये वायरमन होल्डरला दोन वायरी जोडून जो बल्ब फिरवतात, तो टेस्ट लॅम्प मी कामचलाऊ समजत होतो. हे मत मी आता सोडलंय. का सोडलं ते सविस्तर सांगतो, कारण नवशिका हमखास अडतो तो इथेच.

ऐन आषाढात माझ्या गाडीचा हेडलाइट मंदावला. कपलर सोडवून त्याच्या दोन पिनांना मीटर लावला, तर १२.४ व्होल्ट. बॅटरीवरही तेवढेच. म्हणजे वायर ठीक, बल्ब गेला, असाच अर्थ कोणीही काढेल. पण नवा बल्बही तसाच मिणमिणत राहिला. ओळखीच्या वायरमनदादांनी त्याच कपलरमध्ये टेस्ट लॅम्पची टोकं खुपसली. दिवा नुसता लालसर झाला. मग त्यांनी एक टोक पॉझिटिव्ह पिनेवर तसंच ठेवलं आणि दुसरं लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवलं. दिवा लख्ख पेटला.

“येणारी वायर चांगली आहे सर, जाणारी बघा,” ते म्हणाले. “मीटर करंट खात नाही, म्हणून त्याला सगळं भरलेलं दिसतं.”

या एका वाक्याने माझं मत फिरलं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो, म्हणजे त्यातून प्रवाह वाहतो तो जवळपास शून्य. वाटेतल्या गंजलेल्या जोडात १ ओहम असो की १००० ओहम, मीटर १२.४च दाखवणार. ६० वॅटचा हेडलाइट मात्र पाच अँपिअर मागतो आणि त्याचा रोध जेमतेम अडीच ओहम. त्याच्या वाटेत एक ओहम आडवा आला की बल्बच्या वाट्याला साडेआठ-नऊ व्होल्टच उरतात. ओहमचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. प्रवाह वाहत असेल तरच व्होल्टेज पडतं, या गोष्टीचं वजन मला त्या गॅरेजात कळलं.

दोष निघाला टाकीखाली, जिथे अर्थिंगची, म्हणजे परतीची, वायर चेसिसला बोल्टने कसलेली असते. टर्मिनल वरून स्वच्छ होतं. बोल्ट काढल्यावर खाली हिरवट थर दिसला. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांब्याचं हे ठरलेलंच. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासल्या, घट्ट कसलं, वरून पेट्रोलियम जेली लावली. बाकी काही करावं लागलं नाही.

नवशिक्याचं सगळं लक्ष करंट येतोय का यावर असतं. तो परत जातोय का, हे मी आता आधी बघायला लावतो. इंडिकेटर लावल्यावर भलताच दिवा लुकलुकू लागला, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. काळी वायर म्हणजे निगेटिव्ह असंही धरून चालू नये: होंडाच्या गाड्यांत अर्थ हिरवी असते आणि चावी फिरवली की करंट येतो तो काळीत. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत पेटलेला असतो. त्यामुळे ढिली पिन तापून कपलर तपकिरी पडला आहे का, तेही बघावं.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर बल्बाचं मोल फारच मोठं. उडालेल्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाऊ देत नाही, म्हणून काही जळत नाही. मग एकेक कपलर सोडवत जायचं, हँडल डावी-उजवीकडे फिरवून बघायचं. जिथे बल्ब विझतो किंवा मंदावतो, तिथे शॉर्ट. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तार लावून देणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचा मला खरोखर राग येतो. मग फ्यूजऐवजी टाकीखालची वायरच जळते.

मीटर मी फेकून दिलेला नाही. हेडलाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बाच्या अर्थच्या पिनेला लावलं, की परतीच्या वाटेत किती व्होल्ट हरवले ते तो नेमकं सांगतो. एक-दोन दशांश चालतील. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी जोड खराब आहे. आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू व सेन्सरच्या वायरींना हा बल्ब अजिबात लावू नये. तो खातो तेवढा करंट त्या नाजूक सर्किटला झेपत नाही, म्हणून तिथे मीटरच वापरायचा. बाकी गाडीसाठी मात्र मी विद्यार्थ्यांना आता आधी होल्डर, २१ वॅटचा बल्ब आणि दोन हात लांब वायर आणायला सांगतो.