मागच्या दारचा उंबर



पंचउदुंबराचा त्याग आपण पाठशाळेपासून ऐकत आलो. पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्यांनी सुकलेल्या फळांनाही सूट दिलेली नाही, म्हणून दिवाळीला कुणी सुकामेवा दिला की त्यातलं अंजीर मी आधी बाजूला काढते. एवढी मी पक्की. तरी उंबराच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली, ती आज सांगते.

आमच्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी, सासऱ्यांच्या वेळचा उंबर होता. खोडालाच घड लागायचे. पिकले की खाली नुसता सडा. पाय पडला की फळ फुटायचं आणि आतले किडे फरशीवर वळवळायचे. रोज सकाळी झाडू घेतला की माझा जीव कासावीस व्हायचा. शेवटी मीच ह्यांच्या मागे लागले, झाड काढून टाका म्हणून. पहिल्या गड्यानं दत्ताचं झाड म्हणत कुऱ्हाड लावायला नकार दिला. आम्ही दुसरा आणला. अंगण स्वच्छ झालं. हिंसा टळली असं मला वाटलं.

दोन वर्षांनी भाच्यासोबत दाजीपूरच्या जंगलात गेलो. हे राधानगरी अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गवा काही दिसला नाही. दिसला तो एक उंबर, आणि त्यावर जत्रा! हरियाल, तांबट, राखी धनेश, वरच्या फांदीवर शेकरू. आजूबाजूच्या झाडांवर मात्र शुकशुकाट.

भाचा म्हणाला, "मामी, उंबराचं फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असतं." चिलटाएवढी गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते. शिरतानाच तिचे पंख तुटतात. फुलांना पराग देऊन, अंडी घालून ती आतच मरते. तिची नर पिल्लं बिनपंखांची. ती बाहेर जायचा बोगदा कोरतात आणि बहुतेक तिथेच संपतात. माद्या पराग घेऊन उडतात. त्यांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं, तेवढ्यात दुसरा उंबर गाठायचा. त्या उंबराची फळं नेमकी तेव्हा कोवळी असली पाहिजेत. म्हणून सगळे उंबर एकाच वेळी पिकून चालत नाही. कुठला ना कुठला उंबर बारा महिने फळाला असतोच, आणि बाकी रान रिकामं असतं तेव्हा पाखरं, वटवाघळं, माकडं त्यावरच जगतात. ती खाऊन लांब जातात, बिया तिकडे पडतात. जगात या कुळाच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत, आणि बहुतेकींची माशी वेगळी.

मी बी.कॉम. आहे. घरचा जमाखर्च आजही मीच लिहिते. परतताना गाडीत हिशेब मांडला, तर खर्चाच्या बाजूला मी फक्त पायाखालचे किडे धरले होते. तांबटाची ढोली, रात्रीची वटवाघळं, त्या माशा, आणि खुद्द झाड, एवढा मोठा एकेंद्रिय जीव, काहीच धरलं नव्हतं. आचार्यांनी फळ खाऊ नका म्हटलंय, त्रस जीवांसाठी. झाड तोडा असं कुठे म्हटलंय? (आपल्या शास्त्रात जंगलाचं विज्ञान आधीच होतं, असं म्हणायची हल्ली फॅशन आहे. मी तसं म्हणत नाही. चुकीचा अर्थ माझाच होता.)

माताजींपुढे प्रायश्चित्त घेतलं. घरी आलो तर बुंध्याला धुमारे फुटले होते. ह्यांनी विचारलं, "काढायचे का?" मी नको म्हटलं. धुण्याचा दगड पलीकडे हलवला आणि उंबराखालून जायची वाटच बंद केली. झाडू तिकडे नेत नाही, पडेल ते तिथेच राहतं.

यंदा पहिले घड धरलेत. मोजून सात. तांबट अजून आलेला नाही.