झाडाच्या उजवीकडून

बेडोकला आमच्या ब्लॉकखाली व्हॉइड डेकवर दगडी टेबलं आहेत. रविवारी सकाळी तिथे शेजारचे अंकल बिनसाखरेची कोपी घेऊन बसतात. वय एकाहत्तर, त्यातली चाळीस वर्षं गोल्फ. मी आयुष्यात क्लब हातात धरलेला नाही, पण पीएचडी यांत्रिकीतली. मत द्यायची खाज असतेच.

वाद झाला तो एका काल्पनिक झाडावरून. समोर झाड, त्यामागे झेंडा. चेंडू झाडाच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवत झेंड्यापाशी आणायचा. अंकलनी चमचा मांडून दाखवलं: क्लबचं तोंड झेंड्याकडे, स्विंग झाडाच्या उजवीकडे. चेंडू आधी स्विंगच्या दिशेने निघतो, मग तोंडाच्या दिशेला वळतो. वर्षानुवर्षं असंच शिकवलं जायचं.

"अंकल, चेंडू झाडावर आपटेल," मी म्हणाले.

क्लब आणि चेंडू एकमेकांना लागून असतात सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तेवढ्यात चेंडूची सुरुवातीची दिशा ठरते, आणि ती ठरवण्यात मोठा वाटा तोंडाचा असतो, स्विंगचा थोडा. दोघांच्या दिशांत जो फरक असतो, त्यामुळे चेंडू हवेत वळतो. कॉक्रन आणि स्टॉब्स यांचं गोल्फच्या विज्ञानावरचं पुस्तक 1968 सालचं, पण जुना नियम खऱ्या अर्थाने मोडला तो चेंडूचा माग काढणारी रडार आल्यावर. हे सगळं मी कागदावर बाण काढून सांगितलं. जरा जास्तच उत्साहाने.

अंकल कागदाकडे बघत राहिले. "मग चाळीस वर्षं मी काय करत होतो?"

पुढचे दोन रविवार ते खाली आलेच नाहीत.

हे मला ओळखीचं होतं. सांगलीच्या मैदानावर बाबांनी मला फलंदाजी शिकवली ती एकाच वाक्यावर: चेंडू बॅटला लागेपर्यंत नजर हटवायची नाही. पीएचडी करताना मी त्यांना फोनवर ऐकवलं की 2000 साली लँड आणि मॅकलिऑड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. नजर चेंडूला सोडून टप्प्याच्या जागी आधीच उडी मारते. "असेल गं," बाबा म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी क्रिकेटवर बोललेले नाहीत. आम्ही पावसावर बोलतो.

तिसऱ्या रविवारी अंकलच मला ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेले. तिथे मोजणारं यंत्र होतं. त्यांनी नेहमीसारखं तोंड झेंड्याकडे लावलं, डोळ्यांसमोर झाड आणलं आणि मारला. चेंडू उजवीकडून निघाला आणि छान डावीकडे वळला. पडद्यावर आकडे: स्विंग सहा अंश उजवीकडे, तोंड तीन अंश उजवीकडे. म्हणजे मांडताना तोंड झेंड्याकडे, पण चेंडूला लागताना नाही. पुन्हा मारला, जवळपास तेच.

"मी तोंड फिरवत नाही," अंकल म्हणाले.

"फिरवता, अंकल."

ते मोठ्याने हसले. मला मात्र हसू आलं नाही. नियम चुकीचा होता, आणि त्यांच्या हातांनी तो कधीच पाळला नव्हता. मी फक्त नियम तपासला होता.

त्या रात्री मी 2013 चा एक शोधनिबंध शोधून वाचला. त्यात अव्वल दर्जाच्या फलंदाजांची नजर टप्प्यावर जाते, आणि मग पुन्हा एकदा उडी मारून चेंडू नि बॅट भेटणार त्या जागी चेंडूच्या आधी पोचते. तो बरीच वर्षं उपलब्ध होता. मी शोधला नव्हता, कारण माझ्या लेखी वाद संपलेला होता.

आत्ता इथे नऊ वाजलेत, सांगलीत साडेसहा. बाबा मैदानाकडे निघाले असतील, फोन खिशात असेल.